उधन्याचा धागा, कूलॉमचा नियम: बिंदुप्रभारांच्या १७ चटपटीत गोष्टी

डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत सुरतेतल्या उधन्याच्या यंत्रमाग कारखान्यात चालू वार्पिंग मशीनजवळ हात नेला, तर मनगटावरचे केस उभे राहतात. पॉलिएस्टरचे शेकडो धागे मशीनच्या भागांना घासत बीमवर गुंडाळले जात असतात आणि या घासण्यातून त्यांच्यावर विद्युतप्रभार साठत असतो. उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या खानदेशी घरांमधला एखादा माणूस असाच लूमवर राबत असतो. त्याच घरातली बारावीची मुलगी भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडते, तर पहिलंच प्रकरण विद्युतप्रभार आणि क्षेत्राचं, दुसरं विभवाचं. बाप जे हाताने अनुभवतो, तेच लेक वहीत सोडवते. त्या दोघांसाठी आणि आपल्या सगळ्यांसाठी या विषयातल्या काही झणझणीत गोष्टी.

१. दोन सूत्रं, फरक एका वर्गाचा

एका बिंदूवर प्रभार आहे. त्याच्यापासून काही अंतरावर दोन गोष्टी मोजता येतात. तिथे ठेवलेल्या एकक प्रभारावर किती बल लागेल, हे झालं विद्युतक्षेत्र. एकक प्रभार खूप लांबून तिथपर्यंत आणायला किती कार्य करावं लागेल, हे झालं विभव. दोन्हीत ९ अब्ज या स्थिरांकाला प्रभाराने गुणायचं. विभवासाठी त्याला अंतराने भागायचं, क्षेत्रासाठी अंतराच्या वर्गाने. अंतर दुप्पट केलं की विभव निम्मं होतं आणि क्षेत्र चौथाईवर येतं. क्षेत्राला दिशा असते, विभवाला फक्त अधिक-उणे चिन्ह. परीक्षेत जाणारे बहुतेक गुण हा एवढा फरक विसरल्यामुळे जातात.

२. एक कूलॉम म्हणजे किती?

एक-एक कूलॉमचे दोन प्रभार एक मीटरवर ठेवता आले, तर त्यांच्यातलं बल ९ अब्ज न्यूटन भरेल, म्हणजे सुमारे ९ लाख टनांचं वजन. म्हणूनच वहीतल्या उदाहरणांत प्रभार नेहमी मायक्रो किंवा नॅनोकूलॉममध्ये दिलेले असतात. आपल्या दिव्यांच्या तारेतून सेकंदाला कूलॉमच्या काही दशांशाएवढा प्रभार सहज वाहतो, कारण तिथे धन आणि ऋण प्रभार एकमेकांना तोलून धरतात. वेगळा काढून एका जागी साठवलेला कूलॉम मात्र आवरता येत नाही.

३. एका नॅनोकूलॉममध्ये ६२४ कोटी

एक नॅनोकूलॉम म्हणजे कूलॉमचा एक अब्जांश भाग. एवढासा प्रभार द्यायलाही सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जावे लागतात. हा प्रभार एका बिंदूवर धरा आणि मोजत चला. १० सेंटिमीटरवर विभव ९० व्होल्ट, क्षेत्र मीटरला ९०० व्होल्ट. १ सेंटिमीटरवर विभव ९०० व्होल्ट, पण क्षेत्र थेट मीटरला ९० हजार व्होल्ट. अंतर दहापट कमी झालं, तर विभव दहापट वाढलं आणि क्षेत्र शंभरपट.

४. बिंदूला हवेत मर्यादा आहे

क्षेत्र मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टच्या पुढे गेलं की कोरडी हवा दम सोडते आणि ठिणगी पडते. गणित उलट फिरवलं की कळतं, एक नॅनोकूलॉमच्या प्रभाराभोवती ही मर्यादा सुमारे १.७ मिलिमीटरवर येते. त्याहून आतलं क्षेत्र हवेला झेपत नाही. अगदी लहान गोळ्यांभोवती ही मर्यादा वाढते, पण ढोबळ हिशेब हाच. पुस्तकातला बिंदुप्रभार ही गणिताची सोय आहे. प्रत्यक्षात प्रभार सोसायला काहीतरी आकार लागतोच, आणि टोकदार जागेवरून तो आधी निसटतो.

५. क्षेत्र शून्य, विभव १८० व्होल्ट

एक-एक नॅनोकूलॉमचे दोन धन प्रभार २० सेंटिमीटर अंतरावर ठेवा. बरोबर मध्ये दोघांची क्षेत्रं एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून एकूण क्षेत्र शून्य. विभवांची मात्र बेरीज होते: ९० आणि ९०, मिळून १८० व्होल्ट. आता त्यातला एक प्रभार ऋण करा. विभव शून्यावर येतं आणि क्षेत्र मीटरला १८०० व्होल्ट होतं. एकाच बिंदूवर एका चिन्हाने सगळं उलटलं! 'विभव शून्य म्हणजे क्षेत्रही शून्य' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण एकदा स्वतः करून पाहावं.

६. सापुताऱ्याचा हिशेब

हा गोंधळ मिटवायला एक उपमा पुरते. विभव म्हणजे उंची आणि क्षेत्र म्हणजे उतार. सापुताऱ्याच्या टेबल पॉइंटवर तुम्ही बरेच उंच असता, पण पायाखालची जमीन सपाट असते, म्हणून ठेवलेला चेंडू जागचा हलत नाही. कड्यापाशी गेलात की उंची जवळपास तीच राहते, पण उतार भयंकर होतो. एका मीटरमागे विभव किती व्होल्टनी बदलतं, तेच क्षेत्र. म्हणूनच क्षेत्राचं एकक 'व्होल्ट दर मीटर'.

७. पाच प्रभारांचा षटकोन

१० सेंटिमीटर बाजूच्या समषटकोनाच्या पाच कोपऱ्यांवर एक-एक नॅनोकूलॉमचे धन प्रभार आहेत, सहावा कोपरा रिकामा. केंद्राशी क्षेत्र किती? पाच बाण काढून त्यांची बेरीज करत बसू नका. सहाही कोपरे भरलेले असते, तर सममितीमुळे क्षेत्र शून्य झालं असतं. म्हणजे उरलेल्या पाचांचं क्षेत्र एका प्रभाराएवढंच, मीटरला ९०० व्होल्ट, आणि त्याची दिशा रिकाम्या कोपऱ्याकडे. विभवाला ही युक्ती लागत नाही: पाच वेळा ९०, म्हणजे ४५० व्होल्ट. दोन ओळींत उदाहरण संपलं.

८. दोन प्रभारांतून निघालेला अदृश्य गोल

अधिक ४ आणि उणे १ नॅनोकूलॉम, मध्ये ३० सेंटिमीटर अंतर. विभव कुठे शून्य? लहान प्रभारापासून मोठ्याच्या दिशेला ६ सेंटिमीटरवर आणि पलीकडे १० सेंटिमीटरवर. बहुतेक जण इथेच थांबतात. खरं तर हे दोन बिंदू ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या एका गोलाचे आहेत, आणि त्या गोलाच्या पृष्ठभागावर सगळीकडे विभव शून्य आहे. गोलाचं केंद्र लहान प्रभाराच्या २ सेंटिमीटर पलीकडे. ग्रीक भूमितिकार अपोलोनियसच्या वर्तुळाचं हे त्रिमितीतलं रूप. विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८४० च्या दशकात याच गुणधर्मावरून 'प्रतिमा प्रभारा'ची पद्धत उभी केली. जमिनीशी जोडलेल्या धातूच्या गोलासमोर प्रभार ठेवला की काय होतं, हे अवघड कोडं त्या पद्धतीने साध्या भागाकारावर येतं.

९. धागा फुगतो तो कूलॉमच्या नियमाने

पॉलिएस्टरच्या एका धाग्यात बारीक तंतूंचा पुंजका असतो. घासून सगळ्या तंतूंवर एकाच जातीचा प्रभार आला की ते एकमेकांना ढकलतात आणि धागा फुगतो. मग तंतू शेजारच्या धाग्यात अडकतात, धूळ ओढली जाते, धागा तुटतो, माग थांबतो. सुती धाग्याला हा त्रास फारसा होत नाही, कारण कापूस पाणी धरतो: प्रमाणित हवेत १०० किलो कोरड्या कापसामागे साडेआठ किलोच्या आसपास. पॉलिएस्टर जेमतेम ४०० ग्रॅम धरतं. पाणी नाही, तर प्रभाराला वाहून जायला वाटही नाही. म्हणून विणाई विभागात हवेत ओलावा राखतात, धाग्याला प्रभाररोधक तेलाचा हात देतात आणि काही ठिकाणी हवा आयनीभूत करणाऱ्या पट्ट्या बसवतात. पावसाळ्यात हा ओलावा फुकट मिळतो. हिवाळ्यात तो विकत घ्यावा लागतो.

१०. साडी अंगाला का चिकटते?

दोन वेगळे पदार्थ घासले की एक इलेक्ट्रॉन सोडतो, दुसरा घेतो. नायलॉन आणि लोकर सहसा धन होतात, पॉलिएस्टर ऋण, कापूस जवळपास मधोमध. म्हणून नायलॉन आणि पॉलिएस्टर एकावर एक असले की चिकटण्याची तक्रार जास्त. पण ज्यावर प्रभारच नाही असे कागदाचे कपटेसुद्धा घासलेल्या कंगव्याकडे उडी मारतात. ते कसे? कंगव्याच्या क्षेत्रात कपट्याच्या रेणूंमधले धन-ऋण भाग किंचित सरकतात. विरुद्ध जातीचा भाग कंगव्याच्या जवळ येतो, सजातीय भाग थोडा लांब जातो. जवळचं क्षेत्र जास्त तीव्र, म्हणून ओढ ढकलण्यापेक्षा मोठी ठरते. क्षेत्र सगळीकडे सारखं असतं, तर कपटा जागचा हलला नसता.

११. १० हजार व्होल्टचा झटका, तरी माणूस ठणठणीत

कोरड्या दिवशी गालिच्यावरून चालत जाऊन कडीला हात लावला की चटका बसतो. तेव्हा शरीराचं विभव काही हजार व्होल्ट असतं. ते १० हजार धरलं, तरी शरीरावर साठलेला प्रभार सुमारे एक मायक्रोकूलॉम आणि ऊर्जा सुमारे ५ मिलिज्यूल. क्षणात सगळं संपतं. घरातले २३० व्होल्ट जीव घेऊ शकतात, कारण तिथे प्रभाराचा पुरवठा थांबत नाही. पण या इवल्या ठिणगीला कमी लेखू नका. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण एका मिलिज्यूलच्या काही अंशानेही पेटतं. म्हणून इंधन उतरवताना टँकर आधी जमिनीशी जोडतात. थिनर आणि रंगांची कामं चालतात अशा प्रत्येक कारखान्यात हीच शिस्त हवी.

१२. उधना स्टेशनवर २५ हजार व्होल्ट

उधन्याहून एक फाटा बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत जळगावला जातो. खानदेशची निम्मी माया याच रुळांवरून ये-जा करते. रुळांवरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब असतो. त्या तारेवर पक्षी निवांत बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय जवळपास एकाच विभवावर असतात. विभव प्रचंड, पण दोन पायांमधला फरक नगण्य. माणूस डब्याच्या टपावर चढला की त्याचे पाय जमिनीच्या विभवावर असतात आणि डोक्यावर २५ हजार व्होल्ट. तारेला हात लागण्याचीही गरज नसते, मधली हवाच फुटू शकते. म्हणून तारेपासून किमान दोन मीटर दूर राहा, ही रेल्वेची सूचना. लांब काठी, धातूची पट्टी, ओला पतंगाचा दोरा, सगळ्यांना ती लागू आहे. उत्तरायणाच्या दिवसांत पोरांना हे बजावून सांगा.

१३. डब्याच्या आत मात्र शांतता

पोकळ धातूवर बाहेरून कितीही प्रभार दिला, तरी तो बाहेरच्या पृष्ठभागावरच बसतो आणि आत क्षेत्र शून्य राहतं. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये धातूने मढवलेल्या खोलीएवढ्या पिंजऱ्यात स्वतः बसून हे तपासलं. आत विभव शून्य असतं असं मात्र नाही. ते सगळीकडे सारखं असतं, म्हणून आतल्या माणसाला काही जाणवत नाही. वीज कडाडत असताना बंद मोटारीत बसणं उघड्या शेतात उभं राहण्यापेक्षा सुरक्षित, ते याच कारणाने.

१४. दांडीचं मीठ आणि सुरतेचा हिरा

६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी नवसारीजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं. त्या मिठाच्या खड्यात सोडियमचे धन आणि क्लोरीनचे ऋण आयन कूलॉमच्या बलाने घट्ट धरलेले असतात. पण पाणी हे बल सुमारे ८० पट कमी करतं. ढोबळ मानाने हेच मीठ विरघळण्याचं रहस्य. सुरतेत ज्याला पैलू पडतात तो हिरा हेच बल सुमारे ५.७ पटच कमी करतो. समुद्र खारट आहे, कारण पाणी प्रभारांची ओढ इतकी सैल करू शकतं.

१५. सोन्याचा वर्ख आणि अणूचं केंद्रक

सुरतेच्या जरीने सोन्याची पातळ झिलई देशभर पोचवली. मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडन यांनी १९०९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खावर अल्फा कण सोडले. त्यातले अगदी थोडे चक्क मागे फिरले. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी त्याचा अर्थ लावला: अणूचा सगळा धन प्रभार एका चिमुकल्या केंद्रकात आहे. किती चिमुकल्या, हे विभवाच्या सूत्राने सांगितलं. अल्फा कणावर २ एकक प्रभार, सोन्याच्या केंद्रकावर ७९. साधारण ७७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा कण समोरासमोर गेला, तर तो मीटरच्या १०० लाख कोटीव्या भागाच्या ३ पट एवढ्या अंतरावर थांबून परततो. केंद्रक त्याहून लहान असणार. बारावीच्या एका भागाकारातून अणूच्या आतलं माप निघालं.

आणि हायड्रोजन? तिथे इलेक्ट्रॉनच्या जागी प्रोटॉनमुळे असलेलं विभव फक्त २७.२ व्होल्ट, दुचाकीच्या दोन बॅटऱ्यांच्या आसपास. क्षेत्र मात्र मीटरला सुमारे ५१,४०० कोटी व्होल्ट! अंतर इतकं छोटं की वर्गाने भागल्यावर आकडा आभाळाला भिडतो.

१६. पृथ्वी हाही एक प्रभारित गोल

निरभ्र दिवशी जमिनीलगत मीटरला सुमारे १०० व्होल्टचं क्षेत्र असतं. त्यावरून पृथ्वीवर सुमारे ५ लाख कूलॉम ऋण प्रभार असल्याचं गणित निघतं. तरी नाक आणि पाय यांच्यात आपल्याला काही जाणवत नाही, कारण आपलं शरीर वाहक आहे आणि ते स्वतःभोवतीची समविभव पृष्ठं वाकवून घेतं. वादळी ढग आला की चित्र पालटतं. ६ किलोमीटर उंचीवर २० कूलॉमचा प्रभार धरा, जमिनीतली त्याची प्रतिमा मोजा, आणि थेट खालच्या जमिनीवर मीटरला १० हजार व्होल्ट येतात. १९३० च्या सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी डोक्यावरून जाणाऱ्या गडगडाटी ढगांची विद्युतक्षेत्रं नोंदवून अभ्यासली होती. आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा मोबाइलवर देतं. शेतात काम करणाऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये ते नक्की घाला.

१७. तो वर्ग खरंच बरोबर २ आहे का?

फ्रेंच लष्करी अभियंते शार्ल कूलॉम यांनी १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने हा नियम मांडला. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी त्याच्या आधीच, १७७० च्या दशकात, एकात एक बसवलेल्या गोलांनी तो तपासला होता. पण त्यांनी ते छापलंच नाही. मॅक्सवेल यांनी त्यांचे कागद १८७९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा जगाला कळलं. १९७१ मध्ये विल्यम्स, फॅलर आणि हिल यांनी कॅव्हेंडिशच्याच कल्पनेने पुन्हा मोजलं. घातांक २ च आहे. फरक असलाच, तर १ वर १६ शून्यं असलेल्या संख्येने भागल्यावर जेवढा उरतो त्याच्या काही पटीत. माणसाने इतक्या काटेकोरपणे तपासलेले नियम फार थोडे आहेत.

परीक्षेला जाणाऱ्यांसाठी

अनेक प्रभारांचं उदाहरण आलं की आधी विभव काढा. त्यात दिशा नाही, चिन्हासकट नुसती बेरीज. मग क्षेत्राकडे वळा आणि प्रत्येक प्रभाराचा बाण आधी कागदावर काढा, आकडे नंतर घाला. सममिती शोधा, अर्धं काम तिनेच होतं. अंतर मीटरमध्ये आणि प्रभार कूलॉममध्ये घेतला आहे ना, हे शेवटी पुन्हा पाहा. आणि घरात कुणी लूमवर काम करत असेल, तर हिवाळ्यात धागा का तुटतो ते त्यांना विचारा, मग कूलॉमचा नियम त्यांना समजावून सांगा. तुम्हाला तो कळला की नाही, याची ती सर्वांत खरी परीक्षा आहे.